बावीस नंबरच्या आधी

वेस्टलँड, खमरिया
१७ नोव्हेंबर २०२४

अश्वजीतकाका, जय भीम.

तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी एकता, तुमच्या बापूदादाची मुलगी. तुम्ही शेवटचं या क्वार्टरमध्ये आलात ते १९९१ साली, तेव्हा बाबांचं लग्नही झालं नव्हतं. तुमचा पत्ता शेजारच्या बेबीमावशीनं दिला. ती म्हणाली, "फोन करू नको बाई, जबलपूरचा नंबर पाहिला की तो उचलत नाही. पत्र लिही. पत्र आलं की तो वाचतो, मग कोणाचंही असो." म्हणून लिहिते आहे. मराठी बाबांनी घरी शिकवली, शाळा सगळी हिंदीत झाली. चुका समजून घ्या.

बाबा ३१ ऑक्टोबरला फॅक्टरीतून रिटायर झाले. फेब्रुवारीअखेर क्वार्टर सोडायचं आहे. रांझीला दोन खोल्या बांधल्या आहेत, तिथं जाऊ. सप्टेंबरातच सामान आवरायला घेतलं, तेव्हा माळ्यावर पत्र्याची पेटी निघाली. आत आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक काळं यंत्र होतं, पाटीपेक्षाही लहान. त्याची बटणं रबराची, खोडरबरासारखी, आणि कोपऱ्यात चार रंगांचे तिरपे पट्टे. सोबत सहा कॅसेट. मी बाबांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "अश्वजीतचा कंप्युटर. टीव्हीला लावत होता. राहू दे तसंच." आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळीच पाणी घातलेलं होतं.

पण मला राहवलं नाही. मी बी.एस्सी. कंप्युटर केलं आहे आणि नेपियर टाउनच्या एका क्लासमध्ये शिकवते, आणि आमच्याच माळ्यावर स्पेक्ट्रम कंप्युटर होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं! तीन आठवडे मी फक्त त्याबद्दल वाचत होते. १९८२ साली इंग्लंडमध्ये निघाला. अठ्ठेचाळीस के मेमरी, म्हणजे आज माझ्या फोनमधल्या एका फोटोला ती पुरत नाही. तेवढ्यात तिकडच्या शाळकरी मुलांनी घरच्या टीव्हीसमोर बसून खेळ लिहिले, आणि त्यातून पुढे केवढा धंदा उभा राहिला. अजूनही लोक हौसेनं त्याच्यासाठी नवे खेळ लिहितात. मला हे सगळं तिकडचं वाटत होतं. मग कॅसेटच्या वेष्टणावर निळ्या शाईनं मराठीत लिहिलेलं वाचलं: सात, पतंग. अकरा, डुमना जंगल. बावीस, भेडाघाट. म्हणजे खमरियाच्या दोन खोल्यांत बसून तुम्हीही लिहीत होता. हे यंत्र बंगल्यावरच्या एका साहेबांनी बदली होताना तुम्हाला दिलं, कारण तुम्ही त्यांचा टीव्ही दुरुस्त केला होता, हेही बेबीमावशीनंच सांगितलं. बाबा काही सांगत नाहीत.

काका, यंत्र आता चालत नाही. रबर कडक झालं आहे आणि बटणांखालचा पडदा चिरला आहे. पण खेळ यंत्रात नव्हतेच, ते आवाज बनून कॅसेटवर होते! क्लासमधल्या प्रथमेशनं मदत केली. बाबा भीमगीतं ऐकतात तो टेपरेकॉर्डर घेतला, इअरफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडली. टेप फिरते, लॅपटॉप ती कर्कश्श किर्रकिर्र ऐकतो आणि त्यातून तुमचा खेळ वेचून काढतो. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, पिन घातली की टेपचा स्पीकर बंद होतो. नुसत्या हिरव्या रेषा वरखाली होत होत्या. टेपांना बुरशी लागली होती, तरी एकूण एक खेळ आला. बावीसच्या बावीस.

रविवारी दुपारी मी भेडाघाट सुरू केला. पडद्याच्या काठाला निळे-पिवळे पट्टे धावले. मग दोन्ही बाजूंना पांढरे खडक, मधे नर्मदा, आणि एक होडी, फक्त आठ ठिपक्यांची. खाली तुमचं नाव आणि १९८९. मी ओरडलेच. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं शॉक लागला.

सोबत पेन ड्राइव्ह पाठवते आहे. सगळे खेळ त्यात आहेत, कोणत्याही कंप्युटरवर चालतील. आता ते कधीच खराब होणार नाहीत. काल माझ्या जुन्या कॉलेजात मी यावर बोलले, विषय होता 'आपल्या घरातला वारसा आपणच वाचवू'. खूप टाळ्या पडल्या. मला मात्र तुम्ही तिथं असायला हवे होतात.

घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून सगळे माझं कौतुक करतात. बेबीमावशी म्हणाली, तुमचे दोनच पेपर राहिले होते. ते का राहिले ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही. पण क्वार्टर सुटायच्या आधी एकदा या. बाबा बोलवत नाहीत, पण पेटीवरची धूळ तेच दरवर्षी झटकत होते, असं आई म्हणते.

तुमची,
एकता


खमरिया
८ डिसेंबर २०२४

काका, जय भीम.

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी आहेत, मला पाठ झाल्या आहेत.

"खेळ पाहिले. बरं केलंस. टेपा जपून ठेव, कोणाला देऊ नको. आमच्या टेपरेकॉर्डरचा काउंटर बिघडलेला होता, कोणता खेळ कुठं सुरू होतो ते कळत नसे, म्हणून प्रत्येक खेळाआधी जया बोलून ठेवायची. तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. मी येतो ऐकायला."

मला जयाआत्याबद्दल फार थोडं माहीत होतं. भिंतीवर आजी-आजोबांच्या मधे तिचा फोटो आहे, आणि दर वर्षी एप्रिलमध्ये एक दिवस बाबा जेवत नाहीत. लहानपणी एकदा विचारलं होतं, तर आजी म्हणाली होती, "तुझी आत्या होती. बालाघाटला दिली होती." तो 'होती' मला तेव्हा कळला नाही.

ती काय बोलायची? फक्त नंबर सांगायची, की आणखी काही? तुम्हाला सवड झाली तर लिहा. मला ऐकायची फार इच्छा आहे.

टेपा सध्या माझ्याजवळ नाहीत. पुण्याला जुन्या कंप्युटरचा संग्रह करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे बुरशी साफ करायला पाठवल्या आहेत. वेळ लागेल म्हणाले. तुम्ही एवढ्यात घाई करू नका. इकडे थंडी फार आहे, आणि आमचं सामान सगळं बांधलेलं आहे. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत आलात तर बरं होईल.

आई विचारते, तुम्हाला वांग्याची भाजी अजून चालते का.

एकता


१० डिसेंबर २०२४
(हे पत्र टपालपेटीत टाकलं नाही)

काका,

टेपा पुण्याला नाहीत.

मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आठ दिवस आधीच त्या कबाडीवाल्याला दिल्या. जुन्या बॅटऱ्या, माझी बारावीची गाईडं, फुटका कुकर आणि सहा टेपा, एका थैलीत. प्रथमेश म्हणाला होता, "डेटा आला ना? आता बुरशीवाली टेप ठेवून काय करते, बाकी सामानालाही लागेल." मला ते पटलं. रांझीच्या घरात जागा नाही, आणि मला वाटलं की टेप म्हणजे डबा, खेळ म्हणजे त्यातलं धान्य. धान्य काढून घेतलं, डबा टाकला.

लॅपटॉपनं टेपेतून फक्त खेळ घेतला. तो खेळाच्या खुणा ओळखतो. बाकी सगळं त्याच्या लेखी कचरा, मग ती खरखर असो नाहीतर माणूस. संपूर्ण आवाजाच्या मोठ्या फायली आधी आल्या होत्या. लॅपटॉप जुना, जागा भरली, म्हणून त्या मी स्वतः पुसल्या.

मी कानाला लावून एकदाही ऐकलं नाही. पिन अर्धी बाहेर ओढली असती तरी ऐकू आलं असतं.

हे लिहून मी दोनदा पाकिटात घातलं. परवाच खोटं पाठवलं आहे, ते पत्र अजून वाटेत असेल. त्याच्या मागोमाग हे कसं पाठवू? आधी कबाड्याकडे जाऊन येते. टेपा मिळाल्या तर काही सांगायची गरजच राहणार नाही.


खमरिया
२६ डिसेंबर २०२४

काका, जय भीम.

तुम्ही ५ जानेवारीला येताय, हे बाबांना सांगितलं. ते दुपारी जाऊन केस कापून आले. आई हसून राहिली आहे, म्हणते, नवरदेवच जसा.

टेपा तोवर येतील असं मला वाटत नाही. त्यासाठीच येत असाल तर थोडं थांबा. नुसतंच भेटायला येत असाल तर जरूर या.

एकता


खमरिया
१२ जानेवारी २०२५

काका,

पुण्याचं तिकीट काढलं असेल तर रद्द करा. पुण्यात टेपा साफ करणारा अनिमेष नावाचा कोणी माणूस नाही. ते नाव मी तुमच्यासमोर उभ्या उभ्या तयार केलं, आणि तुम्ही ते खिशातल्या वहीत लिहून घेतलंत. नावाचं स्पेलिंगसुद्धा विचारलंत. मी सांगितलं.

टेपा नाहीत. सोबत १० डिसेंबरचं पत्र जोडलं आहे, ते तेव्हाच पाठवायला हवं होतं. काय झालं ते त्यात आहे. पुढचं या पत्रात लिहिते. तुम्ही इथं आलात तो दिवसही लिहिते, कारण तुम्ही त्या दिवशी जे पाहिलं ते वेगळं होतं आणि मी जे करत होते ते वेगळं.

आधी टेपांचं. मी १२ डिसेंबरला कबाड्याकडे गेले, रांझीच्या बाजारामागे. त्याला थैली आठवली, कुकरमुळे. म्हणाला, "दीदी, कैसेट तो तोड़ के अलग कर देते हैं. डिब्बी प्लास्टिक में, फीता मटरवाले ले जाते हैं, सिहोरा तरफ." मला कळेना, मटारवाल्यांना टेपेची काय गरज. तरी मी सिहोऱ्याची बस धरली. कंडक्टरला विचारत विचारत सिहोऱ्याच्या अलीकडेच उतरले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मटार होता आणि शेतांवर काठ्या रोवून त्यांच्यामधून टेपा ताणल्या होत्या. तपकिरी फिती, उन्हात चमकत होत्या, जिथवर नजर जाईल तिथवर. एक म्हातारे शेतकरी बांधावर बसले होते. मी त्यांना विचारलं, हे कुठून आणलं? ते म्हणाले, "कबाड़ से. इससे तोते भागते हैं, बिटिया. हवा चले तो गाता है."

खरंच हवा आली की त्या फिती घूं घूं वाजत होत्या.

मी त्यांना सांगितलं, यात माझ्या आत्याचा आवाज आहे. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय, पण माणूस भला. त्यांनी एका काठीची फीत सोडून माझ्या हातात गुंडाळी दिली. म्हणाले, "ले जाओ, हम दूसरी बाँध लेंगे." ती तुमचीच होती की कोणाच्या जुन्या गाण्यांची, कोण सांगणार. गाठी पडलेली, उन्हानं कडक झालेली. प्रथमेशनं ती एका रिकाम्या कॅसेटमध्ये भरून पाहिली. नुसती खरखर. तो म्हणाला, "एकता, मी तुला टाकायला सांगितलं होतं." मी म्हटलं, तू सांगितलंस, टाकल्या मी. आमच्या घरच्या होत्या.

मी आणखी दोनदा गेले त्या रस्त्यानं. मग जाणं सोडलं.

आता पाच तारखेचं. तुम्ही ऑटोतून उतरलात तेव्हा बाबा फाटकाशीच उभे होते, एक तासापासून. तुम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलात आणि मला भीती वाटली की तुम्ही तसेच परत जाल. मग तुम्ही म्हणालात, "बुढ्ढा झाला रे तू, दादा." आणि बाबा म्हणाले, "अन् तू काय सोळाचा राहिला? आरशात पाहिलं नाही वाटते नागपुरात." तेहतीस वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे. आई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती.

जेवताना तुम्ही तीन भाकरी खाल्ल्या. आईला म्हणालात, "वहिनी, भाजी आमच्या आईसारखी नाही झाली, पण तिची भाजीही चांगली नव्हती." बाबांना ठसका लागला. मी बाबांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. जेवणानंतर तुम्ही लॅपटॉपसमोर बसलात, दोन बोटांनी होडी चालवलीत आणि तिसऱ्या खडकावर फोडलीत. "पहा," तुम्ही म्हणालात, "मीच बनवलेल्या खडकावर मीच आपटलो." आणि मग तुम्ही आम्हाला सांगितलं, तुम्ही कागदावर लिहून ठेवलेला प्रोग्रॅम जयाआत्या मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही टाइप करायचात. तुम्ही एक स्वल्पविराम विसरलात तर ती पुढं वाचत नसे. फॅक्टरीचा भोंगा झाला की आजोबा घरी येणार आणि टीव्ही बातम्यांसाठी लागणार, म्हणून त्याआधी सगळं टेपेवर चढवायची घाई. टेपेवर चढवताना आधी ती बोलायची. "सात नंबर, पतंग. दादा, आवाज सहावर ठेव." कधी म्हणायची, "नऊ नंबर. याच्यापायी आज डाळ जळली." वेष्टणावरची निळी अक्षरंही तिचीच, हे मला तेव्हा कळलं. मी तुमची समजत होते.

मी हे सगळं ऐकत होते आणि लॅपटॉपची वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत होते.

मग तुम्ही काळी बॅग उघडलीत. टॉवेलमध्ये गुंडाळलेला टेपरेकॉर्डर काढलात. म्हणालात, "बेल्ट नवा टाकला, हेड साफ केलं. घरची एक टेप लावून पाहिली, आवाज फाटत नाही." आणि बाबांकडे न पाहता तुम्ही ते सांगितलं. शेवटची टेप तुम्ही कधी ऐकलीच नाही. आत्याच्या लग्नाच्या चार दिवस आधी तिनं बावीस नंबर चढवला आणि तुम्हाला म्हणाली, दादा, ही मी गेल्यावर लाव. तुम्ही चिडलेले होतात. अठराव्या वर्षी, फर्स्ट इयर अर्धं सोडवून तिचं लग्न लावत होते म्हणून आजोबांवर चिडलेले, बाबांवर चिडलेले, आणि तीही हो म्हणाली म्हणून तिच्यावर. तुम्ही यंत्र पेटीत टाकलंत आणि नागपूरला निघून गेलात. दीड वर्षानं ती गेली. त्यानंतर ती टेप लावायची तुमची हिंमत झाली नाही. "आता झाली," तुम्ही म्हणालात. "एकता, कधी येतील सांग."

आणि मी म्हटलं, अजून साफ करून राहिले आहेत.

"कोण? नाव सांग. मी पुण्याला जातो. दुकान पोरगं पाहते, मला काय काम आहे?"

तेव्हा मी ते नाव दिलं. काका, त्या क्षणी मला वाटलं की मी तुम्हाला वाचवते आहे. तुम्ही जेवला होतात, हसला होतात, बाबांशी बोलला होतात. एवढं जुळलेलं मी कशी तोडू? अजून थोडे दिवस जाऊ देत, असं वाटलं.

तुम्ही गेल्यावर बाबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, "टेपा कबाड्याला दिल्या ना तू?" मी मान डोलावली. त्यांनी त्या दिवशी थैली पाहिली होती. आत काय आहे ते त्यांना नंतर उमजलं, पेटी हलकी लागली तेव्हा.

"काहून खोटं बोलली मग?"

मी म्हटलं, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

बाबा खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे, पण मला माहीत नव्हतं. आत्याला बालाघाटला कावीळ झाली. पोटात मूल होतं. तिकडून निरोप आला. तुमचे शेवटच्या वर्षाचे पेपर सुरू होते. आजोबा आणि बाबा तिकडे गेले, आणि बाबांनी तिथून तुम्हाला कार्ड टाकलं: जया बरी आहे, तू पेपर दे. बाबा म्हणाले, "वाईट मनानं नव्हतं लिहिलं. घरातलं एक तरी पोर ग्रॅज्युएट व्हावं, एवढंच होतं डोक्यात. मग तार मिळाली तसा पेपर सोडून तो आला, तेव्हा तिला नेऊन तिसरा दिवस होता. तो मला एकच बोलला. म्हणाला, दादा, तू माझे पेपर वाचवले." आणि बाबा म्हणाले, "तो आवाज पेटीत आहे हे मला ठाऊक होतं, एकता. मी म्हणूनच म्हटलं होतं, राहू दे. पण काहून राहू द्यायचं ते नाही सांगितलं. जयाचं नाव घ्यायची आम्हाला सवयच राहिली नाही. तुझी एकटीची चूक नाही." मग उठता उठता म्हणाले, "पण आता खरं कार्ड टाकायला उशीर करू नको. मी केला तसा."

त्यानंतर सात दिवस गेले. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. रोज संध्याकाळी ते फक्त पाहायचे, टेबलावर पाकीट आहे का.

हे मी बाबांच्या सांगण्यावरून लिहीत नाही, हे तुम्ही मानावं अशी इच्छा आहे. मी त्या कॉलेजात उभी राहून वारसा वाचवायच्या गोष्टी केल्या आणि तेव्हा टेपा रांझीच्या कबाड्याच्या दुकानात पडलेल्या होत्या. कदाचित त्या दिवशी गेले असते तर अखंड मिळाल्या असत्या. हा हिशेब मी रोज मांडते. मी शिकले म्हणून मला वाटलं की काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते मला कळतं. यंत्राचा इतिहास मी तीन आठवडे वाचला. बाबांना दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तुम्ही माझ्यावर रागवा. पुन्हा येऊ नका असं वाटलं तर नका येऊ, मी पत्रं टाकून मागे लागणार नाही. पण बाबांवर नवीन राग धरू नका. या वेळी त्यांनी काही लपवलं नाही. लपवलं ते मी.

आता शेवटची एक गोष्ट. ती सांगावी की नाही यावर मी पुष्कळ विचार केला. त्यानं तुमचा त्रास वाढेल असं वाटतं. पण तुमच्या भल्यासाठी काय सांगायचं ते या घरात पुन्हा कोणी ठरवू नये.

परवा मी खेळांच्या उरलेल्या फायली खेळायला नाही, तर आत काय लिहिलं आहे ते वाचायला उघडल्या. प्रत्येक टेपेच्या फाइलीत खेळांच्या मधे एक आकडा असतो. एक खेळ संपल्यावर दुसरा सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा. लॅपटॉपला त्या वेळात काही सापडलं नाही, म्हणून त्यानं तिथं 'शांतता' असं लिहिलं आणि पुढं सेकंद लिहिले. ती शांतता नव्हती. ती आत्या होती. पतंगच्या आधी सहा सेकंद आहेत. डाळ जळली त्याच्या आधी नऊ. बाकी सगळीकडे पाच, सहा, सात. मी एकेक आकडा कागदावर उतरवला, तो कागद सोबत आहे.

बावीस नंबरच्या आधी एक्केचाळीस सेकंद आहेत.

ती काय म्हणाली ते आता कोणालाच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे. पण ती तुमच्याशी एक्केचाळीस सेकंद बोलली, काका. मी घड्याळ लावून गप्प बसून पाहिलं. पुष्कळ वेळ असतो तो.

एकता